मेकॅनिकलची पदवी : कर्ज आणि कमाईचा हिशेब
(ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक आढावा)

प्रश्नाचे स्वरूप

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी पैशाच्या दृष्टीने परवडते का, हा प्रश्न ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या नोकरदार घरांत पूर्वी फारसा विचारला जात नसे. गुण चांगले असले की प्रवेश घ्यायचा, चार वर्षांनी एखाद्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागायचे, ही वाट ठरलेली होती. शुल्क वडिलांच्या पगारातून भागत असे आणि कारखाने लोकलच्या दोन-चार स्थानकांच्या अंतरावर होते. गेल्या तीन-चार दशकांत या तिन्ही गोष्टी बदलल्या. शुल्क वाढले, त्यासाठी शैक्षणिक कर्ज घेण्याची पद्धत रूढ झाली आणि जवळचे कारखाने कमी झाले. संगणक शाखांचे आकर्षण वाढल्याने मेकॅनिकलची तुलनाही सतत त्यांच्याशी होऊ लागली.

या चर्चेत तीन वेगवेगळे प्रश्न बहुधा एकत्र मिसळले जातात. पदवीसाठी खिशातून प्रत्यक्ष किती पैसे जातात, हा पहिला. त्यातला किती भाग कर्जाचा असावा, हा दुसरा. पदवीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाती किती पडते, हा तिसरा. आधी कारखाने आणि महाविद्यालयांची पार्श्वभूमी पाहून पुढील आढावा याच क्रमाने घेतला आहे. त्यानंतर मुख्य भूमिका, पदवीखेरीजच्या वाटा आणि अद्याप न सुटलेले मुद्दे येतात.

पार्श्वभूमी : कारखाने

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट हे तिचे पहिले औद्योगिक क्षेत्र ठरले. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड आणि तळोजा ही क्षेत्रे उभी राहिली. त्याआधीपासूनही परिसरात मोठे उद्योग होते. अंबरनाथची विम्को आगपेटी कंपनी १९२० च्या दशकातली. त्याच गावात संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहने-आंबिवलीला नॅशनल रेयॉन म्हणजे एनआरसी, कळव्याला सीमेन्स व मुकंद, ठाण्यात व्होल्टास आणि रेमंड, कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्स अशी ही साखळी कालांतराने तयार झाली. प्रीमियरच्या या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी बनत असे. या कारखान्यांना देखभाल, उत्पादन, टूल रूम आणि गुणवत्ता विभागांसाठी मेकॅनिकलची माणसे लागत. त्यातली बरीचशी डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातच राहत.

१९९० नंतर हे चित्र पालटले. जमिनीचे भाव, कामगार संघर्ष, जुनी यंत्रसामग्री आणि उदारीकरणानंतरची स्पर्धा यांमुळे अनेक कारखाने बंद पडले किंवा इतरत्र गेले. एनआरसी २००९ मध्ये बंद झाली. रेमंडच्या ठाण्यातील जागेवर आणि प्रीमियरच्या आवारात आता निवासी संकुले आहेत. वाहन उद्योगाची नवी वाढ चाकण, तळेगाव, रांजणगाव, तसेच नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यांत झाली. ठाण्यात मात्र पोखरण रस्त्यासारख्या जुन्या कारखान्यांच्या भागात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले आली.

परिसरातली कारखानदारी संपली, असा याचा अर्थ नाही. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड आणि तळोजा इथे लहान-मध्यम उद्योग मोठ्या संख्येने आहेत. पण मोठ्या नावाची, कायम नोकरीची आणि घरून जाता येईल अशी जागा पूर्वीइतकी सहज मिळत नाही. कमाईच्या हिशेबात ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी : महाविद्यालये

मुंबईत १८८७ मध्ये सुरू झालेली व्हीजेटीआय ही या भागातली सर्वात जुनी मोठी संस्था. त्या काळच्या कापड गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ तयार करणे हा तिचा मूळ उद्देश होता. अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. १९८० च्या दशकापर्यंत मुंबई परिसरात अभियांत्रिकीच्या जागा मर्यादित होत्या. शुल्क कमी, पण प्रवेश कठीण अशी स्थिती होती.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढच्या दोन-तीन दशकांत नेरुळ, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, ठाणे, डोंबिवली आणि कर्जतपर्यंत महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या, पण खर्च सरकारकडून पालकांकडे सरकला. शुल्क किती असावे यावर टीएमए पै (२००२), इस्लामिक अकॅडमी (२००३) आणि पी. ए. इनामदार (२००५) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले. राज्याने २०१५ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश व शुल्क नियमित करणारा कायदा केला. शुल्क नियामक प्राधिकरण आणि सामायिक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, कक्ष या कायद्यानुसार काम करतात.

२०१० च्या दशकाच्या मध्यापासून मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. २०२० नंतर अनेक महाविद्यालयांनी त्या कमी करून संगणक, डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या नावांच्या शाखांत जागा वाढवल्या. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एका शाखेतील कमाल प्रवेशसंख्येवरची मर्यादा काढल्यावर हा कल अधिक स्पष्ट झाला.

खर्चाची बाजू

मेकॅनिकलच्या खर्चाविषयी बोलताना एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. एकाच महाविद्यालयात मेकॅनिकल आणि संगणक या शाखांचे शुल्क साधारण सारखेच असते. म्हणजे शाखा बदलल्याने खर्च थेट बदलत नाही. खर्च बदलतो तो संस्था, प्रवेशाचा मार्ग आणि सवलतीची पात्रता यांमुळे.

संस्थेचा फरक मोठा आहे. सरकारी आणि अनुदानित संस्थांचे वार्षिक शुल्क साधारण एक लाखाच्या आत राहते. परिसरातील विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क बहुधा एक ते दोन लाखांच्या पट्ट्यात असते. खासगी विद्यापीठांत ते त्याहून बरेच वर जाते. प्रवेशाचा मार्गही तितकाच निर्णायक आहे. सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांतून, म्हणजे कॅप राउंडमधून, मिळालेल्या जागेवर सरकारी सवलती लागू होतात. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेवर त्या मिळत नाहीत.

प्रमुख सवलती अशा आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती व फ्रीशिप आहे. याशिवाय प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या पाच टक्के अधिसंख्य जागा ट्यूशन फी वेव्हर स्कीमखाली असतात. त्यांवर प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क भरावे लागत नाही, फक्त विकास व इतर शुल्क लागते. या योजनेलाही आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे.

मेकॅनिकलची निवड आणि कर्ज यांचा संबंध इथे जुळतो. संगणक शाखांच्या तुलनेत मेकॅनिकलची गुणवत्ता यादी खाली येते. त्यामुळे सीईटीच्या त्याच पर्सेंटाइलवर विद्यार्थ्याला मेकॅनिकलसाठी अधिक नावाजलेले, कमी शुल्काचे महाविद्यालय किंवा शुल्कमाफीची जागा मिळण्याची शक्यता वाढते. संगणक शाखेचाच आग्रह धरल्यास त्याच गुणांवर कमी परिचित संस्था किंवा व्यवस्थापन कोटा उरतो, आणि कोट्यात सवलत नाही. म्हणून शाखेचा प्रश्न प्रत्यक्षात संस्था आणि कर्ज यांचाही प्रश्न होतो.

राहण्या-खाण्याचा खर्च या परिसरात तुलनेने कमी पडतो. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. व्हीजेटीआयसारखी संस्था मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली, कोपरखैरणे आणि वाशीची महाविद्यालये गाठता येतात. विद्यार्थी सवलतीच्या पासामुळे वसतिगृहाचा मोठा खर्च वाचतो. त्याच्या बदल्यात रोजचे दोन-तीन तास गर्दीच्या प्रवासात जातात. केटी लागून, म्हणजे विषय राहून, पदवी लांबली तर मात्र ही बचत कमी होते. एक वर्ष वाढणे म्हणजे शुल्काबरोबर एक वर्षाचा पगारही गमावणे.

कर्जाची बाजू

भारतीय बँक संघाच्या २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर बहुतेक बँकांच्या योजना आधारलेल्या आहेत. चार लाखांपर्यंत तारण किंवा तिसऱ्या व्यक्तीची हमी लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. चार ते साडेसात लाखांपर्यंत हमीदार आणि त्यापुढे स्थावर किंवा तत्सम तारण, अशी मूळ रचना आहे. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत चालू शकते. परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात सरळव्याज चढत राहते.

व्याजात मदत करणाऱ्या दोन केंद्रीय योजना आहेत. पहिली २००९ पासूनची. तीत वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांचे शिक्षणकाळातले व्याज सरकार भरते. दुसरी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी. निवडक उच्च शिक्षण संस्थांत (सुरुवातीच्या यादीत ८६०) प्रवेश मिळालेल्यांना तीत विनातारण, विनाहमी कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलत आहे. ही यादी राष्ट्रीय मानांकनावर आधारलेली असल्याने ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील विनाअनुदानित महाविद्यालयांना तिचा फारसा लाभ होत नाही. कर्ज फेडताना आयकर कायद्यानुसार व्याजाची पूर्ण रक्कम आठ वर्षांपर्यंत वजा करता येते, पण ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते.

एका काल्पनिक उदाहरणाने आकडे स्पष्ट होतात. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर परतफेड सुरू होईपर्यंत सुमारे २ लाख १० हजार रुपये व्याज साचते. देणे ८ लाख १० हजारांवर जाते. १० वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड जवळपास १२ लाख ८५ हजार होते. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता सुमारे ८,७०० वर उतरतो, पण एकूण परतफेड १५ लाख ६५ हजारांच्या पुढे जाते. याउलट पालकांनी शिक्षणकाळातच व्याज भरत नेले, तर पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि शेवटी ५,००० रुपये लागतात. मग मूळ सहा लाखांवरच हप्ता बसतो, तो १० वर्षांसाठी सुमारे ७,९०० रुपये. असे व्याज वेळेवर भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात. निम्मी शुल्कसवलत मिळून कर्ज तीन लाखांवर आले, तर व्याज साचू दिले तरी १० वर्षांचा हप्ता सुमारे ५,३५० रुपये राहतो.

कमाईची बाजू

मेकॅनिकल पदवीधराची पहिली नोकरी साधारण चार प्रकारांत मोडते.

पहिला प्रकार कोअर, म्हणजे प्रत्यक्ष अभियांत्रिकीच्या, कंपनीतील ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीचा. मोठ्या अभियांत्रिकी आणि वाहन कंपन्या त्यातल्या त्यात बरा पगार देतात, पण त्यांच्या जागा मोजक्या आणि निवडक महाविद्यालयांपुरत्या असतात. लहान-मध्यम कारखान्यांत सुरुवात बरीच खालून होते. चाकण किंवा रांजणगावला नोकरी लागली की घरभाडे व खाण्याचा खर्च सुरू होतो, म्हणून तिथला मोठा पगार आणि घरून जाऊन मिळणारा तळोज्याचा कमी पगार यांतला खरा फरक कागदावरच्यापेक्षा कमी असतो.

दुसरा प्रकार डिझाइन आणि प्रकल्प सल्लागार कंपन्यांचा. पाइपिंग, वातानुकूलन, अग्निसुरक्षा आणि इमारतींच्या सेवा यांची कामे ऐरोली, पवई, ठाणे या भागांतील कार्यालयांत चालतात. ऐरोली, रबाळे, महापे इथे उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरना शीतकरण आणि जनित्रांच्या देखभालीसाठी मेकॅनिकलची माणसे लागतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो आणि नवी मुंबई विमानतळ यांसारख्या प्रकल्पांतही अशा कामांना वाव आहे.

तिसरा प्रकार सार्वजनिक क्षेत्राचा. गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर तेल कंपन्या आणि एनटीपीसीसारख्या संस्था भरती करतात. २०१७ च्या वेतनसुधारणेनुसार तिथली ई-२ श्रेणी ५०,००० ते १,६०,००० रुपये मूळ वेतनाची आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वैज्ञानिक अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होते. रेल्वेतील कनिष्ठ अभियंत्याचे मूळ वेतन ३५,४०० पासून आहे. स्पर्धा तीव्र असल्याने अनेकजण पदवीनंतर एक-दोन वर्षे तयारीत घालवतात. त्या काळातच कर्जाचा हप्ता सुरू होण्याची वेळ येते.

चौथा प्रकार माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा. मोठ्या सेवा कंपन्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनाही घेतात. त्यांचा सर्वसाधारण प्रारंभीचा वार्षिक पगार दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिला.

पॅकेज आणि हातात पडणारी रक्कम यांत अंतर असते. साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये मूळ वेतन निम्मे धरले, तर भविष्यनिर्वाह निधीचे दोन्ही वाटे, उपदानाची तरतूद आणि व्यवसाय कर वजा जाता महिना सुमारे २४,८०० रुपये हाती येतात. वर दिलेल्या उदाहरणातला १०,७०० रुपयांचा हप्ता म्हणजे या रकमेच्या ४३ टक्के. व्याज आधीच भरले असेल तर हे प्रमाण ३२ टक्क्यांवर येते, निम्मी सवलत असेल तर २२ टक्क्यांवर. पहिल्या वर्षाच्या पगाराहून एकूण कर्ज अधिक नसावे, असा एक ढोबळ निकष वापरात आहे. त्या निकषावर साडेतीन लाखांच्या पगाराला सहा लाखांचे कर्ज जड आहे आणि तीन लाखांचे पेलणारे आहे.

मुख्य भूमिका

या विषयावर पालक, शिक्षक आणि उद्योगातले लोक यांच्यात चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका मेकॅनिकलला सदाबहार शाखा मानते. वीजनिर्मितीपासून औषधनिर्मितीपर्यंत प्रत्येक उद्योगात यंत्रे आहेत, म्हणून कुठल्याही एका क्षेत्राच्या मंदीत ही शाखा पूर्ण अडचणीत येत नाही, असे तिचे म्हणणे. सुरुवातीचा पगार कमी असला तरी अनुभवाबरोबर माणसाची किंमत वाढते. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरसारखी प्रमाणपत्रे रासायनिक कारखान्यांत वेगळे मोल मिळवून देतात. या भूमिकेचा कमकुवत दुवा वेळ हा आहे. हप्ता पदवीनंतर साधारण वर्षभराने भरावा लागतो, अनुभवाची किंमत मात्र सात-आठ वर्षांनी मिळते.

दुसरी भूमिका संगणक शाखेच्या बाजूची. भरतीची संख्या, पगारवाढीचा वेग आणि ठाणे-नवी मुंबईतच मिळणारे काम हे तिचे आधार. एकच शुल्क भरायचे तर जास्त कमाईची शाखा घ्यावी, हा तिचा साधा तर्क. तिच्या विरोधात दोन मुद्दे मांडले जातात. २०२३ नंतर नवोदितांची भरती मंदावली आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. शिवाय सर्वच महाविद्यालयांनी या शाखांच्या जागा वाढवल्याने चार वर्षांनी पदवीधरांची गर्दी होईल. समर्थकांचे उत्तर असे की मंदी तात्पुरती असते आणि दुसऱ्या शाखांतील मुलेही शेवटी याच नोकऱ्यांसाठी रांगेत येतात.

तिसरी भूमिका शाखेपेक्षा संस्थेला महत्त्व देते. चांगल्या महाविद्यालयात मेकॅनिकल घेतले, तर कंपन्या कॅम्पसवर येतात, माजी विद्यार्थ्यांचे जाळे मिळते आणि शुल्कही बहुधा कमी असते. नंतर क्षेत्र बदलायचे झाले तरी संस्थेचे नाव उपयोगी पडते. आक्षेप असा की अनेक मोठ्या भरती संगणकाच्या शाखांपुरत्या मर्यादित असतात आणि न आवडणारी शाखा चार वर्षे ओढण्यात केटीचा धोका आहे.

चौथी भूमिका कर्जालाच केंद्रस्थानी ठेवते. शाखा कोणतीही असो, सवलत वजा जाता कर्ज तीन-चार लाखांच्या आत राहत नसेल तर दुसरी वाट शोधावी, असे ती सांगते. घरावर गृहकर्ज असताना आणि वडिलांची निवृत्ती जवळ आली असताना मुलाच्या शिक्षणाचे मोठे कर्ज संपूर्ण कुटुंबाला अडकवते, हा तिचा मुख्य मुद्दा. टीका अशी की अतिसावधपणामुळे गुणवान पण साधनहीन मुले चांगल्या संधी सोडतात आणि कर्जाची भीती गरीब घरांतच अधिक असते.

डिप्लोमा आणि इतर वाटा

कर्ज कमी ठेवण्याची जुनी वाट डिप्लोमाची आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि तीन वर्षांची पदवी, अशी एकूण सहा वर्षे लागतात. बारावी करून चार वर्षांची पदवी घेतली तरी दहावीनंतर सहाच वर्षे जातात. म्हणजे वेळ वाया जात नाही, अभियांत्रिकीच्या शुल्काचे एक वर्ष वाचते आणि मध्ये थांबून नोकरी करण्याची मोकळीक राहते. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे तंत्रनिकेतन १९८३ पासून आहे. रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता पदाला डिप्लोमाधारक आणि पदवीधर दोघेही पात्र असतात. उणी बाजू अशी की पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाखा ठरवावी लागते आणि डिप्लोमातून आलेल्यांना पदवीचे गणित बहुधा जड जाते.

आयटीआयची वाट त्याहून स्वस्त आहे. अंबरनाथची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था या भागात परिचित आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे व्यवसाय दोन वर्षांत शिकता येतात आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. पदवीधरांनाही हा मार्ग खुला असून २०१९ च्या नियमांत त्यांचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये होते. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. दोन्ही रकमा कर्जाच्या मोठ्या हप्त्याला पुरत नाहीत, त्यामुळे कर्ज असलेल्यांना ही वाट कठीण पडते.

नोकरी सांभाळून शिकण्याचा मार्ग एकेकाळी एएमआयई परीक्षेचा होता. कारखान्यातले अनेक डिप्लोमाधारक तिच्या बळावर इंजिनिअर झाले. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांसाठी तिची पदवीसमान मान्यता थांबली. २०२३-२४ पासून तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतले पदवी व डिप्लोमा अभ्यासक्रम चालवण्यास परवानगी दिल्याने ही पोकळी काही अंशी भरू लागली आहे.

परदेशातील पदव्युत्तर शिक्षण

पदवीनंतर एमएससाठी परदेशी जाणे हा कर्जाचा वेगळाच टप्पा आहे. इथे रकमा दशलक्षांत जातात आणि कर्जासाठी बहुधा राहते घर तारण ठेवले जाते. पीएम-विद्यालक्ष्मी देशांतर्गत संस्थांपुरतीच आहे. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञान पदव्यांनंतर एकूण तीन वर्षे काम करता येते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी कार्य-व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाल्याने पुढची वाट अनिश्चित झाली. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रांतील अनेक मेकॅनिकल नोकऱ्या तिथे नागरिकांपुरत्याच असतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. मात्र व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात आणि नोकरीसाठी जर्मन भाषा लागते. मेकॅनिकलच्या मराठी विद्यार्थ्यांत जर्मनीकडे जाण्याचा कल आहे, तो शुल्क आणि उद्योग या दोन्ही कारणांनी.

माहितीचे साधन

प्रवेशावेळी सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा महाविद्यालयातल्या सर्वोच्च पॅकेजचा असतो. निर्णयासाठी त्याचा उपयोग कमी. राष्ट्रीय मानांकनात, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या संस्थांना पदवी वेळेत पूर्ण केलेल्यांची संख्या, नोकरी लागलेल्यांची संख्या आणि पगाराचा मध्यांक जाहीर करावा लागतो. मध्यांक म्हणजे निम्म्या मुलांना ज्यापेक्षा जास्त आणि निम्म्यांना कमी पगार मिळाला तो आकडा. मूळ प्रवेशसंख्येशी नोकरी लागलेल्यांचे प्रमाण ताडून पाहिले तर चित्र बरेच स्पष्ट होते. पण हे आकडे संस्थेचे असतात, शाखानिहाय नसतात, आणि अनेक महाविद्यालये मानांकनात भागच घेत नाहीत. शुल्काची खात्रीशीर माहिती मात्र शुल्क नियामक प्राधिकरणाकडून मिळते.

अनिर्णित मुद्दे

पाच मुद्द्यांवर अद्याप एकमत नाही.

पहिला, मागणी-पुरवठ्याचा. मेकॅनिकलच्या जागा घटल्यामुळे काही वर्षांनी चांगल्या मेकॅनिकल इंजिनिअरची टंचाई होऊन पगार वाढतील, असे काहीजण मानतात. दुसरा पक्ष म्हणतो की डिप्लोमाधारक आणि इतर शाखांचे लोक ती जागा भरतील.

दुसरा, तंत्रज्ञानाचा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन व गिअरचे सुटे भाग कमी लागतात, पण बॅटरीचे शीतकरण, रोबोटिक्स आणि स्वयंचलन यांत नवे काम निर्माण होते. अभ्यासक्रम या बदलाबरोबर किती वेगाने जातो, यावर पुढचे चित्र अवलंबून आहे.

तिसरा, परिसराचा. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यात झालेल्या भीषण स्फोटानंतर धोकादायक उद्योग हलवण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. हे उद्योग गेले तर देखभाल आणि सुरक्षेची स्थानिक कामे कमी होतील, पण लोकवस्तीला दिलासा मिळेल. डेटा सेंटर, मेट्रो आणि विमानतळ ही नवी कामे जुन्या कारखान्यांची जागा कितपत घेतील, याचे उत्तर पुढच्या दशकात मिळेल.

चौथा, सवलतींचा. मुलींच्या पूर्ण शुल्कमाफीमुळे पात्र घरांतील मुलींसाठी कर्जाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पारंपरिकरीत्या मुलांची मानली गेलेली मेकॅनिकल शाखा त्यामुळे मुली अधिक निवडतील का, की त्याही संगणकाकडेच वळतील, हे पाहावे लागेल. प्रतिपूर्तीची रक्कम महाविद्यालयांना उशिरा मिळाल्यास त्याचा भार कोणी सोसायचा, हा वादही सुरू आहे.

पाचवा, कर्जाच्या रचनेचा. हप्ता पगाराच्या ठरावीक टक्क्यांत बांधावा, म्हणजे कमी पगाराच्या काळात तो आपोआप कमी होईल, अशी पद्धत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात आहे. भारतात बहुतेक शैक्षणिक कर्जे ठरावीक हप्त्याचीच आहेत. सुरुवातीला कमी आणि नंतर वाढणारा पगार हे मेकॅनिकलचे वैशिष्ट्य असल्याने या शाखेला अशी रचना अधिक सोयीची ठरेल, असा युक्तिवाद केला जातो. बँकांची अडचण वसुलीची आणि खऱ्या उत्पन्नाच्या माहितीची आहे.

या मुद्द्यांची उत्तरे मिळेपर्यंत निर्णय प्रत्येक घराच्या आकड्यांवर राहतो : कॅपमधून कोणती जागा मिळते, सवलत वजा जाता किती कर्ज उरते, त्या महाविद्यालयाचा पगाराचा मध्यांक किती आहे आणि येणारा हप्ता हाती पडणाऱ्या पगाराच्या किती टक्के होतो. शाखेचा विचार या चार आकड्यांसोबत झाला, तरच मेकॅनिकलची दुसऱ्या शाखेशी किंवा डिप्लोमाशी केलेली तुलना त्या घरापुरती खरी ठरते.